सोमवारचा काटा

उत्तरेकडच्या बर्फाळ होंकावारा गावात बाईला बंदूक धरता येते का, अशी शंका कुणाला नव्हती. ससे आणि रानकोंबडे बायकाही मारायच्या. शंका होती ती धावून दमल्यावर धरता येते का, याची. हिल्का तान्स्कानेन शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना बापाची रायफल पाठीला लावून तालुक्याच्या बायथलॉन, म्हणजे स्की आणि नेमबाजीच्या, शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. पंचानं तिला रांगेतून बाहेर काढलं. बायकांचा हात थरथरतो, तो म्हणाला, आणि स्कीवरून छाती फुटेस्तोवर पळून आल्यावर तर पानासारखा थरथरतो. आम्हाला इथं कुणाचा जीव घ्यायचा नाही.

ती घरी गेली नाही. निशाण्याच्या मैदानाच्या कुंपणामागं पाय रोवून उभी राहिली आणि शर्यत संपेपर्यंत पुरुषांच्या बंदुकीच्या नळ्या बघत राहिली. दर फेरीला ते जंगलातून धापा टाकत यायचे, आधी पालथं पडून आणि नंतर उभ्यानं पाच काळ्या ठिपक्यांवर पाच गोळ्या झाडायचे, चुकलं की दंडाची जादा फेरी मारायचे. उभ्यानं झाडताना प्रत्येकाची नळी हलत होती. तिनं ते पंचाला जाऊन सांगितलं. तो हसला. रांगेतून काढल्याचं तिला तेवढं लागलं नाही, जेवढं ते हसणं लागलं.

मग ती युवास्क्युला शहरात शरीरशास्त्र शिकायला गेली. लाकूडतोड्याच्या पोरीनं नर्स व्हावं, असं घरी ठरलेलं होतं. तिनं नाही म्हणून सांगितलं. विद्यापीठात तिनं नेमबाजांच्या छातीला पट्टे बांधले, नळीला तारा लावल्या, त्यांना पळवलं, दमवलं आणि गोळ्या झाडायला लावल्या. त्यातून जे निघालं ते ती पुढं आयुष्यभर पोरींना एका दमात सांगायची: थरथर बाई की बुवा हे विचारत नाही. झोप झाली का, पोटात काय आहे आणि चढावर किती घाई केलीस, एवढंच विचारते.

होंकावारात क्रीडाशाळा निघाली तेव्हा ती तिथं चाचण्या घ्यायला परत आली. तोवर बायकांच्या शर्यती सुरू झाल्या होत्या आणि पुढं ऑलिम्पिकमध्येही त्यांना जागा मिळाली. तिच्या खोलीत चाकांच्या स्की घालून पळता येईल एवढा रुंद फिरता पट्टा होता. तो इतका गडगडायचा की पोरी त्या खोलीला गिरणी म्हणायच्या. "आज मला दळलं," असं एकमेकींना सांगायच्या. हिल्का दर टप्प्याला कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायची. पोरींचा वेग वाढवायचा तो कुठवर आणि कधी थांबवायचं, हे त्या थेंबावरून सांगायची. आणि ते बरोबर निघायचं, म्हणून तिच्या फटकळ तोंडाकडे सगळे कानाडोळा करायचे.

शाळेचा मुख्य प्रशिक्षक ताउनो कार्ना. तो वाईट माणूस नव्हता. शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळी वाट स्वतः चालून यायचा, पोरींच्या स्की खांद्यावर वाहायचा, कुणाचे बूट फाटले तर आपल्या पैशानं आणून द्यायचा. भुकेनं माणसाला धार येते, हे त्याचं आवडतं वाक्य होतं. तो ते मनापासून म्हणायचा. युद्धानंतरच्या त्याच्या लहानपणात होंकावारात भुकेशिवाय दुसरं फारसं काही नव्हतंच. व्यायामशाळेच्या टोकाला त्यानं लोखंडी वजनकाटा उभा केला होता. दर सोमवारी सगळ्या मुली ओळीनं त्यावर चढायच्या. ताउनो वजन सरकवायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि मग नुसतं "छान" किंवा "हं" म्हणायचा. त्या "हं"ला मुली फार घाबरायच्या.

स्वयंपाकघरातल्या केर्तूच्या लक्षात हे सगळ्यांत आधी आलं. शनिवार-रविवारी पातेली भरलेलीच परत यायची. ती हिल्काला म्हणाली, "माझा रस्सा दर रविवारी डुकरांना जातो. शर्यतीला डुकरंच पाठवा म्हणावं ताउनोला. त्यांची तयारी चांगली आहे."

त्या मुलींत विर्पी नूतिनेन सगळ्यांत पुढं होती. बाप ओंडक्यांचा ट्रक चालवायचा आणि ही पोर त्याच्यासारखीच खोखो हसायची. त्या वर्षी तिचं हसणं कमी झालं आणि वेग वाढला. होंकावाराच्या मोठ्या चढावर ती पोरांनाही मागं टाकायची. गाव कौतुकानं बघत होतं. एका सकाळी हिल्कानं तिच्या कानाला सुई टोचली आणि रक्त येईना. कान बर्फासारखा गार. हातांवर बारीक लव उगवलेली. निजलेल्या म्हाताऱ्याची असावी तशी मंद नाडी. हिल्कानं पाळीचं विचारलं.

"ती कटकट गेली मागच्या वर्षीच. बरंच झालं," विर्पी म्हणाली.

हिल्कानं तिला समोर बसवून समजावलं. हिवाळ्यात सरपण संपत आलं की माणूस घरातली एकेक खोली बंद करतो, शेवटी चुलीपाशी एकटाच बसतो. तुझं शरीर तेच करतंय. आधी पाळी बंद केली, मग हाडांची डागडुजी बंद केली. विर्पीनं सगळं ऐकून घेतलं आणि बूट बांधत म्हणाली की ताउनो म्हणतो, मला पंख फुटलेत.

हिल्का त्याच दुपारी ताउनोकडे गेली. तो स्कीला मेण लावत होता.

"तिचा चढ बघितलास?" त्यानं वर न बघता विचारलं.

"बघितला. आणि उभ्यानं झाडणंही बघितलं. पाचात तीन चुकवते आता. मागच्या वर्षी एखादीच चुकायची."

"ते डोक्यातलं आहे. येईल ठिकाणावर."

"ते पोटातलं आहे, ताउनो. पोर उपाशी आहे. काटा बंद कर."

त्यानं मेणाची वडी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं की पट्ट्यावर तुझं राज्य, बर्फावर माझं. हिल्का अजून दोनदा गेली. लेखीही दिलं. काहीच झालं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी, मुली रांगेत उभ्या असताना, हिल्का व्यायामशाळेत आली, तिनं काटा मिठी मारून उचलला आणि बाहेर उभ्या केलेल्या पायानं ढकलायच्या बर्फावरच्या घसरगाडीवर आडवा टाकला. केर्तूनं दार धरून ठेवलं. लपूनछपून काही नव्हतं. दिवसाढवळ्या ती तो काटा तळ्यावर घेऊन गेली. तिथं सौनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातून, निघून डुबकी मारायला बर्फात भोक पाडलेलं असायचं. काटा काही त्या भोकात मावेना. मग ती पहार आणून कडा फोडत बसली. तेवढ्यात ताउनो येऊन पोचला, आणि त्याच्यामागं सगळ्या मुली. तो खिशात हात घालून उभा राहिला.

"ते सरकारी सामान आहे," तो म्हणाला.

"मग सरकारला कळव, बुडालं म्हणून."

काटा एकदाचा आत गेला. एक मुलगी फिस्सकन हसली. विर्पी हसली नाही. ती वळून एकटीच व्यायामशाळेकडे निघून गेली.

शाळेच्या मंडळानं हिल्काला बोलावलं. अध्यक्ष ओइवा हे आरागिरणीचे मालक, थोराड आणि मृदू बोलणारे. त्यांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. हिल्कानं ताउनोची माफी मागावी आणि नवा काटा येईपर्यंत गप्प बसावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. हिल्का म्हणाली की काट्याची भरपाई माझ्या पगारातून कापा, माफी मात्र मिळणार नाही. आणि नवा आणलात तर तळं अजून तिथंच आहे. शेवटी तोडगा ताउनोनंच काढला, तोही छद्मीपणानं. ज्यांना हिल्काकडे जायचंय त्यांनी जावं, बाकीच्या माझ्याकडे राहतील. एक हिवाळा जाऊ द्या. वसंतातल्या राष्ट्रीय स्पर्धेत बघू कुणाचं खरं ते.

चौघी हिल्काकडे आल्या. त्यांत साइला नावाची एक अबोल, रुंद खांद्यांची शेतकऱ्याची पोर होती, जिला ताउनोकडून "छान" कधीच मिळालं नव्हतं. हिल्कानं विर्पीलाही विचारलं. विर्पी म्हणाली की जिंकत असताना कोण घोडा बदलतं?

त्या हिवाळ्यात केर्तूच्या स्वयंपाकघरात चौघींचं वेगळं टेबल लागलं. सकाळी लोण्याचा गोळा टाकलेली ओटची पेज, सरावानंतर भाताच्या सारणाचे पिराक्का, वर अंडं आणि लोणी, मैदानावर थर्मासमधून बेरीचं गरम सार. शेजारच्या टेबलावरच्या मुली काकडीच्या चकत्या मोजत खायच्या आणि या चौघींकडे तिरक्या डोळ्यांनी बघायच्या. चौघी फुगल्या. कपडे घट्ट झाले. गावातल्या पोरांनी त्यांना "लोणीवाल्या" म्हणून चिडवायला सुरुवात केली. साइलाचे हात स्थिर झाले, झोप लागायला लागली, पाळी परत आली. पण चढावर त्या मागं पडत होत्या, आणि हे हिल्काला पट्ट्यावर स्वच्छ दिसत होतं.

वसंतात स्पर्धा झाली. साइलानं सगळे ठिपके पाडले, एकही गोळी वाया घालवली नाही, आणि तरी ती मधेच कुठंतरी आली. बाकीच्या तिघी तिच्याही मागं. विर्पीनं उभ्यानं झाडताना दोन चुकवल्या, दंडाच्या दोन फेऱ्या मारल्या, आणि तरीही शेवटच्या चढावर सगळ्यांना मागं टाकून जिंकली. कुमारी गटाचं राष्ट्रीय पदक होंकावारात पहिल्यांदाच येत होतं. लोक रस्त्यावर आले. ताउनोनं विर्पीला खांद्यावर घेतलं, आणि हिल्काला दिसलं की ते ओझं उचलायला त्याला काहीच जोर लावावा लागला नाही.

त्या संध्याकाळी हिल्का सौनात एकटीच बसली. तापल्या दगडांवर पाणी टाकत राहिली. आकड्यांपुढं हेका धरायचा नसतो, हे तीच शिकवायची, आणि आज आकडे तिच्या विरुद्ध होते. तिनं स्वतःला उलटसुलट विचारलं. उपासमारीत वर्षानुवर्षं वाळलेलं शरीर एका हिवाळ्यात भरून येत नाही, हे तर होतंच. पण समजा पुढच्या वर्षीही हरल्या, त्याच्या पुढच्या वर्षीही हरल्या, तर? तर मी काटा परत मांडीन का? नाही. एवढं उत्तर तिला घामाबरोबर लख्ख मिळालं आणि मग ती तळ्यात उतरून आली.

मंडळाची बैठक भरली तेव्हा निकाल ठरलेलाच होता. ओइवा हळहळत म्हणाले की हिल्का, तुला संधी दिली होती. चाचण्यांची जागा आम्ही पुढच्या वर्षी भरणार नाही.

"मी पदक कबूल केलं नव्हतं," हिल्का म्हणाली. "मी म्हटलं होतं, पोरी धडधाकट राहतील. चौघी धडधाकट आहेत. आता विर्पीकडे बघा."

"विर्पीच्या गळ्यात पदक आहे."

"गळ्यात आहे. हाडात काय उरलंय, ते विचारलंत का कुणी? मी हरले, हे मान्य. पुन्हा हरायलाही तयार आहे. पण ज्या शर्यतीत पोर उपाशी ठेवूनच जिंकता येतं, तिथं मी हरलेलीच बरी. हे लिहून घ्या."

लिहून कुणी घेतलं नाही. ताउनो खिडकीबाहेर बघत होता.

गावाला वाटलं, आता ती युवास्क्युलाला निघून जाईल. ती गेली नाही. गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागली, आणि चौकातली बंद पडलेली डेअरी भाड्यानं घेतली. पांढऱ्या फरश्यांच्या भिंती, मधोमध पाणी वाहून जायची मोरी. घाम आणि रक्ताचे थेंब धुवायला झकास जागा. क्रीडाशाळेनं नवा पट्टा घेतला तेव्हा जुना पट्टा केर्तूच्या नवऱ्यानं ट्रॅक्टरवर लादून आणून दिला. पोरं येता-जाता ओरडायची, "लोण्याची शाळा! लोण्याची शाळा!" एका रविवारी हिल्कानं निळ्या रंगाचा डबा घेतला आणि डेअरीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं: लोण्याची शाळा. मग चिडवण्यात काही मजा उरली नाही.

साइला आणि तिच्या मैत्रिणी तिथं आल्या. मग शेजारच्या गावांतून आया आपल्या मुलींना घेऊन आल्या. बहुतेकींच्या मुली कुठल्या ना कुठल्या काट्यावरून रडत घरी आलेल्या असायच्या. हिल्का त्यांना दळायची, झाडायला लावायची, जेवायला घालायची. दुसऱ्या वर्षी साइला चढावरही पुढं सरकली. तिसऱ्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेत चौथी आली. पदक नाही मिळालं. हिल्कानं लेख लिहून पाठवले; दोन परत आले, तिसरा छापून आला आणि परदेशातल्या कुणीतरी त्याला धरून मोठा अभ्यास केला, ज्यात तिचं नाव शेवटी बारीक टाईपात होतं. तिनं तो भिंतीला लावला नाही. पण आलेल्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या हातात एक प्रत कोंबायची.

विर्पी एका मार्च महिन्यात आली. कुबड्यांवर. मोठ्यांच्या संघात तिची निवड झाली होती आणि सरावात, सपाट वाटेवर, काही न होता, तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती पडलीही नव्हती. नुसता पाय रेटला आणि आवाज आला. डॉक्टरांनी तिच्या हाडांची छायाचित्रं पाहून, ही तुझ्या आईची आहेत का, असं तिला विचारलं होतं.

हिल्कानं खुर्ची पुढं केली. विर्पी बसली नाही.

"बोल," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं, असं बोलून टाक एकदाचं."

"तुला माहीत आहे ते कशाला बोलू? पेज खाणार का?"

"पेज." विर्पीचा चेहरा आवळला. "काटा तळ्यात टाकलास. त्याच्यामागं ताउनोलाही का नाही टाकलंस? मला का नाही बांधून ठेवलंस? मी पोर होते. तू मोठी होतीस. तू विचारत काय बसलीस मला, येतेस का म्हणून?"

हिल्कानं पेज चुलीवर ठेवली. ती ढवळू लागली.

"खरंय," ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या ट्रकसमोर आडवी पडायला हवं होतं मी. तेवढं सुचलं नाही."

विर्पी हसली, जुनं हसणं नव्हे, पण नाकातून आवाज आला. मग ती बसली, वाटी ओढून घेतली आणि रडत रडत खाल्ली. हिल्का तिच्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली.

हाड जुळायला वर्ष गेलं. पाळी परत यायला त्याहून जास्त. विर्पी पुन्हा शर्यतीत उतरली ती एकदोनदाच, मधल्या कुठल्यातरी क्रमांकावर, आणि मग डेअरीतच राहिली; मुलींना उभ्यानं झाडायला शिकवायला लागली. तिच्यासारखं कुणाला शिकवता येत नव्हतं. हाताला कंप सुटतो तेव्हा आत काय चाललेलं असतं, हे तिला आतून ठाऊक होतं. दारात वजनाबद्दल कुणी आई काही बोलली, तर विर्पी तिला आत येऊच द्यायची नाही. हिल्कालाही ते कधीकधी जास्त वाटायचं, पण ती मधे पडली नाही.

बऱ्याच वर्षांनी क्रीडाशाळेच्या वर्धापनदिनाचं बोलावणं आलं. नवं मंडळ होतं, पण ओइवा मानद अध्यक्ष म्हणून पहिल्या रांगेत होते. आता सगळीकडे हिल्काचंच म्हणणं चालत होतं, नियमही तसे झाले होते, आणि शाळेला तिचा सत्कार करून तिला चाचण्यांची सल्लागार म्हणून परत घ्यायचं होतं. हिल्का स्वच्छ कोट घालून गेली. केर्तू आणि विर्पी तिच्या दोन बाजूंना बसल्या.

ओइवा सावकाश उठले आणि भाषण वाचू लागले. गोड भाषण होतं. हिल्काचं धैर्य, हिल्काची दूरदृष्टी. मग ते म्हणाले, "चुका झाल्या. पण त्या काळी हे कुणालाच माहीत नव्हतं."

हिल्का उभी राहिली.

"मला माहीत होतं, ओइवा," ती म्हणाली. "मी तोंडी सांगितलं, लेखी दिलं आणि याच खोलीत उभं राहून सांगितलं. तुम्ही त्याच खुर्चीवर बसला होतात. ते वाक्य काढा, मग पुढं वाचा."

 कुणीतरी खाकरलं. ओइवा कागदाकडे बघत राहिले. नव्या अध्यक्षांनी पुढं होऊन हलक्या आवाजात सांगितलं की आज असा प्रसंग नाही, आपण नंतर बोलू. हिल्का म्हणाली की नंतर मी घरी असेन, आत्ता बोलू.

तेव्हा मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताउनो कार्ना उठला होता. म्हातारा, वाळलेला, कान थंडीनं लाल. त्याला बोलावलंय हेसुद्धा बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

"तिनं मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर, तीनदा. मी ऐकलं नाही, आणि तिला घालवलं. वाचायचंच असेल तर हे वाचा." तो विर्पीकडे बघू शकला नाही. हिल्काकडे मात्र त्यानं बघितलं, आणि त्या नजरेत माफी मागितल्यासारखं काही नव्हतं. पूर्वीचाच ताठा होता. हिल्कानं मान डोलावली. तेवढं दोघांना पुरलं. तो टोपी घालून निघून गेला.

ओइवांनी पेन मागून घेतलं, ती ओळ खोडली आणि उरलेलं वाचलं. भाषण लवकर संपलं. सल्लागाराच्या पदावर हिल्कानं पाणी सोडलं. मुलींना पाहायचं असेल तर डेअरी उघडी असते, असं तिनं नव्या अध्यक्षांना सांगितलं, आणि येताना तुमच्या प्रशिक्षकांनाही आणा, हेही बजावलं. बाहेर कॉफी आणि वेलदोड्याचे पाव मांडले होते. लोक तिच्यापासून जरा अंतर राखून उभे होते. विर्पीनं दोन पाव उचलले, एक स्वतःला आणि एक हिल्काला. केर्तूनं एक चावा घेऊन नाक मुरडलं.

"लोणी कमी आहे," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.